तीन एकरांचं कुरण, एकच गेट

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवून ठेवते. जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सर्सवर मी पाच वर्षं संशोधन केलं आहे. माझ्या कामाचा निम्मा भाग म्हणजे यंत्र खोटं केव्हा बोलतं हे ओळखणं. रीडिंग विचित्र आलं की आधी वायर तपासायची, मग बॅटरी, मग स्वतःची झोप किती झाली आहे ते. भूत ही शक्यता माझ्या यादीत कधीच नव्हती... आजही नाही. तरीही गेल्या वर्षीच्या त्या दुपारी यादीतल्या सगळ्या शक्यता खोडून झाल्या आणि खाली कोरी जागा उरली, म्हणून हे लिहिते आहे.

मी मिनेसोटात राहते. तेव्हा पीएचडी संपत आली होती. पदवीनंतर नोकरी मिळवायला व्हिसा मोजकेच दिवस देतो, आणि माझ्या सगळ्या अर्जांपैकी एकच अजून जिवंत होता — मिनेसोटातल्याच ईडन प्रेरी गावातल्या एका कंपनीचा, शेवटची फेरी बाकी. मधल्या काळात डब्लिनला एक परिषद होती. तिला जोडून मी चार दिवस पश्चिम आयर्लंडमध्ये एकटीनं फिरायचं ठरवलं. तिथे पोचल्यावर कंपनीची ईमेल आली: मुलाखत आठवडाभर अलीकडे घेतली आहे. म्हणजे माझ्या सहलीच्या तिसऱ्या दिवशी, आयर्लंडच्या संध्याकाळी पाच वाजता, व्हिडिओवर.

एव्हाना सहलीचं गणित बिघडलेलंच होतं. पहिल्या दिवशी भाड्याची गाडी घेतली. रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायची, म्हणजे पुण्यासारखीच, असं म्हणून निघाले आणि पहिल्याच चौकात अमेरिकेच्या सवयीनं उजवीकडे शिरले. समोरचा ट्रॅक्टरवाला थांबला, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून त्यानं मला नमस्कार केला आणि शांतपणे मागे गेला. दुसऱ्या दिवशी बुकिंग केलेल्या ठिकाणी माझं नावच सापडेना. पावसात दोन गावं पालथी घातल्यावर मेयो काउंटीत एका पिवळ्या घरात खोली मिळाली. घराची मालकीण नोरा, वय सत्तरीच्या पुढे. तिनं काही न विचारता गरम ब्रेड आणि लोण्याचा डोंगर समोर ठेवला, आणि वायफाय इतकं उत्तम निघालं की मला रडू यायचं बाकी होतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून माझे पाय एका जागी ठरत नव्हते. उत्तरं पाठ होती, स्लाइड्स तयार होत्या. दोन वाजता मी नोराला म्हटलं, "तासभर चालून येते."

"वरच्या कुरणात जाणार असशील, तर मेंढ्यांचं गेट लावून घे," ती म्हणाली. "आणि वाट सापडेनाशी झाली, तर जॅकेट काढ आणि उलटं घाल. आतली बाजू बाहेर."

"त्यानं काय होतं?"

"वाट सापडते."

मी हसले. ती हसली नाही. "कॉर्क शहरातून एक इंजिनिअर आला होता, तोसुद्धा हसला होता," एवढंच म्हणून ती भांडी घासू लागली.

निघताना मावशीला फोनवरून लाइव्ह लोकेशन पाठवलं. माझी मावशी ईडन प्रेरीतच राहते. ती घरून काम करते आणि भाचीचा ठिपका नकाशावर दिसल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही. "आज तरी भटकू नकोस गं," असा तिचा मेसेज आला. मी अंगठा पाठवून दिला.

आता जागेचं वर्णन नीट करते, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. कुरण अंदाजे तीन एकरांचं, जवळपास चौकोनी. चारी बाजूंना छातीएवढी दगडांची भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते रचलेले दगड. कोकणात ज्याला गडगा म्हणतात, हुबेहूब तसा. आत एकही झाड नाही, मध्यभागी थोडे लव्हाळे, आणि पाठीवर निळ्या रंगाचे ठिपके मारलेल्या अकरा मेंढ्या. आत-बाहेर जायला एकच लोखंडी गेट, निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं. खाली उतारावर नोराचं पिवळं घर. ते कुरणातून सर्वकाळ दिसत होतं. धुकं नव्हतं. पाऊस नव्हता. दुपारचे दोन वीस.

पंधरा मिनिटांनी परत फिरले, तर गेट नव्हतं.

पहिला अंदाज साधा होता: चुकीच्या भिंतीशी आले असणार. दुसऱ्या भिंतीशी गेले. मग तिसऱ्या. मग चौथ्या. तेव्हा मी जे केलं ते माझ्या पद्धतीनं केलं. बंद जागेत भिंतीवर डावा हात ठेवून चालत राहिलं, तर जे काही दार असेल ते हाताला लागलंच पाहिजे. केसांतला नारिंगी हेअरबँड काढला, भिंतीवरच्या एका दगडाखाली दाबला आणि निघाले. एक कोपरा, दोन, तीन, चार... आणि हेअरबँड. पुन्हा निघाले. चार कोपरे आणि हेअरबँड. असे चार फेरे मोठ्यानं मोजत घातले. हात एकदाही दगडावरून उचलला नाही. लोखंड लागलं नाही.

भिंत चढून का गेले नाही, हे तुम्ही विचारणारच. दोनदा चढले. सुट्या दगडांवर पाय देऊन पलीकडे उतरले आणि समोर अकरा मेंढ्या होत्या, निळे ठिपके असलेल्या. मोजल्या. मग भिंतीवर हात फिरवत गेले, तर माझाच हेअरबँड.

तिथून पुढे माझी शिस्त ढिली होत गेली. फोनवर नकाशा उघडला, तर माझा ठिपका कुरणाच्या मध्यभागी चिकटून बसलेला. मी धावत होते आणि तो हलत नव्हता. फोन बंद करून पुन्हा चालू केला. तेच. रेंज पूर्ण होती, पण नोराचा नंबर लावला की नुसती शांतता. घड्याळात तीन पन्नास. चार दहा. पिवळ्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, नोरा एकदा बाहेर येऊन दोरीवर वाळत घातलेले कपडे घेऊन गेली. मी ओरडले. तिनं मान वळवली नाही.

खरं सांगायचं तर जॅकेटची आठवण मला पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. वडिलांचं गाव राजापूरजवळचं, त्यामुळे चकव्याच्या गोष्टी लहानपणी पोटभर ऐकल्या होत्या. माणूस ओळखीच्या रानात गोल गोल फिरत राहतो वगैरे. कॉलेजात असताना मी वडिलांना त्याचं शास्त्रीय कारणही ऐकवलं होतं: खुणा नसल्या की माणूस सरळ चालू शकत नाही. ते म्हणाले होते, "बरं हो, बाईसाहेब." आता माझ्यासमोर खुणा होत्या, भिंत होती, घर होतं. तरी मी जॅकेटला हात लावला नाही. जे तंत्र चालेल की नाही हे मला तपासायचंच नाही, ते वापरायचं नाही, असा माझा हट्ट होता. दोन तास तो हट्ट मला फार शास्त्रीय वाटला.

पाच वाजले. ईडन प्रेरीत सकाळचे अकरा. पाच वर्षांचं काम, व्हिसा, भाड्याच्या खोलीतली पुस्तकं, सगळं त्या क्षणी एका स्क्रीनवर माझी वाट पाहत होतं आणि मी मेंढ्यांत उभी होते. पाच वाजून चार मिनिटांनी मी मोठ्यानं, मराठीत म्हणाले, "पुरे आता." डोळे मिटले, जागच्या जागी वळले, जॅकेट डोक्यावरून ओढून उलटं केलं आणि पुन्हा घातलं.

डोळे उघडले. गेट समोर होतं. दहा पावलांवर. निळी दोरी, मीच बांधलेली गाठ. आणि गेटच्या खांबापासून हातभर अंतरावर, दगडाखाली, माझा नारिंगी हेअरबँड.

मी धावले. नोराच्या घरी, माझ्या खोलीत लॅपटॉप उघडला तेव्हा पाच एकवीस झाले होते. तिघांपैकी दोघं निघून गेले होते. मुलाखत घेणाऱ्या विभागप्रमुख बाई तेवढ्या उरल्या होत्या, त्यांचा हात बहुधा बटणावरच होता.

"आम्ही तुमची आशा सोडली होती," त्या म्हणाल्या. "काय झालं?"

"मी हरवले होते. एका कुरणात."

"किती मोठ्या?"

"तीन एकरांच्या."

त्या हसल्या. मग मी त्यांना हेअरबँड सांगितला, भिंतीवरचा हात सांगितला, चार फेरे सांगितले, न हलणारा ठिपका सांगितला. त्या पुढे सरकून बसल्या. प्रश्नांवर प्रश्न आले आणि तीच माझी मुलाखत झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "मग बाहेर कशा पडलात?"

"गेट सापडलं," मी म्हणाले.

"तुमचं जॅकेट उलटं आहे, बरं का."

"घाईत घातलं."

नोकरी मिळाली. काम आहे सेन्सर्सचा डेटा तपासण्याचं, म्हणजे कोणतं रीडिंग ठेवायचं आणि कोणतं टाकायचं ते ठरवण्याचं.

त्या संध्याकाळी नोरानं चहा पुढे ठेवला आणि माझ्या बाह्यांच्या शिवणीकडे पाहिलं. "किती वेळ?"

"अडीच तास."

"बाप रे, हट्टी आहेस. माझा नवरा वीस मिनिटांत शरण यायचा."

मी ओरडले होते ते ऐकू आलं का, असं विचारलं. ती म्हणाली, दोरीवरचे कपडे काढताना तिनं कुरणाकडे पाहिलं होतं. तिथे मेंढ्या होत्या.

मावशीचा फोन त्यानंतर आला. "अगं ए शहाणे! अकरा कॉल केले मी तुला. दोन तास एका जागी बसून काय करत होतीस? ठिपका जरासुद्धा हलला नाही. मला वाटलं, पडलीस कुठेतरी!" माझ्या फोनवर एकाही कॉलची नोंद नव्हती. मनगटावरच्या घड्याळानं त्याच वेळात बारा हजारांवर पावलं मोजली होती. त्याच घड्याळाच्या नकाशावर मात्र सगळा वेळ एक बिंदू होता, कुरणाच्या मध्यभागी. मी सगळं सांगितल्यावर मावशी म्हणाली, "चकवा काय फक्त राजापुरातच लागतो होय गं?"

ती फाइल मी जपून ठेवली आहे. जीपीएसची चूक धरली तर मावशीचे कॉल उरतात. फोनची चूक धरली तर हेअरबँड उरतो. भीतीनं मला भ्रम झाला असं धरलं तर पावलं कुठे पडली ते उरतं. पण सगळ्यात जास्त सलते ती माझी स्वतःची चूक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आले. आणि त्या क्षणी मी चार बदलल्या: बोलले, डोळे मिटले, वळले, जॅकेट उलटं केलं. कशानं गेट दिसलं, हे त्यामुळे मला कधीच सांगता येणार नाही. नुसते डोळे मिटून उघडले असते, तर?

उपाय सोपा आहे. तेच कुरण, तीच वेळ, तेच जॅकेट. आत जायचं, गेट नाहीसं झालं तर एकेक गोष्ट वेगवेगळी करून पाहायची, जॅकेट सगळ्यात शेवटी. रजा शिल्लक आहे. नोरानं नाताळच्या कार्डात लिहिलं होतं, खोली रिकामी आहे, ये. तिकिटाचं पान मी तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं.

जॅकेट दारामागच्या खुंटीवर आहे. मधे एकदा धुतलंही... वाळल्यावर तसंच टांगलं, आतली बाजू बाहेर.