पत्र्याच्या खोलीतला जबाब

कापसात बसलेली ती बाई अजूनही डोळ्यांसमोर येते, अर्धवट झोपेत काही दिसावं तशी.

तेव्हा मी पूर्णेजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी हजेरी आटोपत होती, तोच एक तरुण शिक्षिका आली. असहाय प्रौढांचं पालकत्व आणि संरक्षण या विषयात ती नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेत होती. त्यासाठी जवळच्या खेड्यातल्या घरांना भेटी देत होती.

“साहेब, एका घरी चाळिशीची बाई आहे. समज कमी म्हणून भाऊ तिचा कायदेशीर पालक आहे. तीनदा गेले, ती दिसलीच नाही. दर वेळी कारण वेगळं.”

स्टेशन डायरीत नोंद घेऊन भावाला बोलावलं. साधा शेतकरी, आवाज नरम.

“मावशीकडं गेलीय, साहेब.”

मावशीला फोन लावला. बाई तिथं नव्हती. मी दरडावलं नाही. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. त्याला बाकावर बसवून मी टपाल चाळत राहिलो. ऊन चढलं तसा तो सारखा घड्याळाकडं पाहू लागला.

“कुठं जायचंय?”

“तिची जेवायची येळ झाली,” म्हणाला आणि रडायला लागला.

तो आम्हाला शेतावर घेऊन गेला; शिक्षिकाही सोबत होती. तिथल्या पत्र्याच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. पंचांसमक्ष उघडलं. पत्र्याच्या भोकांतून कवडसे उतरले होते, त्यांत कापसाचे तंतू तरंगत होते. त्या पांढऱ्या उजेडात ती सरकी वेगळी करत बसली होती. आम्हाला पाहून तिला नवल वाटलं नाही. मीच कुठल्या दुसऱ्या मुलखात आल्यासारखा उभा राहिलो.

“माझ्या पोरीची सोयरीक जमायलीय,” भाऊ म्हणाला. “पाव्हण्यांनी हिला बघितलं तर मोडंल.”

तिला परभणीच्या निवारागृहात हलवा, असं मी हवालदाराला सांगितलं.

“साहेब, तिला विचारलंत का?” शिक्षिका म्हणाली. ती कापसाशेजारी बसली. “ताई, तुम्हाला कुठं जायचंय?”

बराच वेळ गेला. शिपाई चुळबुळ करू लागले. शिक्षिका हलली नाही.

“लग्नाला,” शेवटी बाई म्हणाली. “पोरीला मी खेळवलंय.”

भावावर डांबून ठेवल्याचा गुन्हा नोंदवला. त्याचं पालकपद रद्द होऊन ते धाकट्या बहिणीकडं गेलं आणि निवारागृहाऐवजी बाई तिच्याच घरी राहिली. पोरीनं होणाऱ्या सासरी स्वतःच सगळं सांगितलं. सोयरीक मोडली नाही. मांडवात आत्या नवरीला खेटून बसली होती.

नोकरीत असंख्य जबाब नोंदवले. ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्यालाच विचारावं आणि थांबावं, हे मात्र एका विद्यार्थिनीनं शिकवलं. निवृत्तीनंतर मीही त्याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलाय. परवा विस्मरणाचा आजार असलेल्या एका आजोबांना पहिला प्रश्न विचारला. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मी वही मिटली आणि तसाच बसून राहिलो.