करून दाखव

"सांगू नको. करून दाखव." खडूचं टोक समोरच्यावर रोखलेलं आणि तोंडी हे वाक्य. आमच्या इंग्रजीच्या सरांचा तास असा सुरू व्हायचा.

पहूरजवळच्या आमच्या शाळेत त्यांच्या आणि माझ्या वर्गात एक पत्र्याची भिंत होती. इकडे मी कविता समजावतोय आणि तिकडे बाकं धडाधडा सरकतायत, हे रोजचंच. मी पत्र्यावर डस्टर आपटायचो. फरक शून्य.

एकदा तणतणत गेलोच. फळ्यावर दोनच शब्द होते, 'टेक ऑफ'. एक पोरगा टोपी काढत होता. दुसरा हात पसरून उडालेलं विमान झाला होता. तिसऱ्याने दारातून धूम ठोकली, तोही टेक ऑफच म्हणे. एकीने केळीवेफर्सचं दुकान मांडलं होतं आणि गिऱ्हाइकांची ही झुंबड, म्हणजे धंद्याने जोर धरला. शेवटी एका मुलीने नाकावर चष्मा ओढल्यासारखं केलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि पत्र्यावर डस्टर आपटलं. वर्ग खो-खो हसला.

"नक्कल करणं, हाही एक अर्थ," सर मला म्हणाले. "बरे वेळेवर आलात!"

आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

मग एका मधल्या सुट्टीत मी त्यांना मागून तीन हाका मारल्या. खांद्यावर हात ठेवला तेव्हा कुठे ते वळले. माझा चेहरा बघून त्यांनीच सांगून टाकलं.

"दोन वर्षं झाली. पोरांचं निम्मं बोलणं कळत नाही. म्हणून तर करून दाखवायला लावतो."

"कानाला मशीन लावा की, सर."

"मग पोरांना कळेल ना! बहिऱ्या मास्तरला कोण जुमानतं? निवृत्तीला वर्ष राहिलंय. तेवढं या वर्गासमोर मानाने जाऊ द्या."

मी कुणाला बोललो नाही. पण पलीकडे कुणी प्रश्न विचारला की मीच शिकवणं थांबवून पत्र्याला कान लावायचो.

सरांच्या निरोपाच्या दिवशी भाषण त्याच नकला करणाऱ्या मुलीकडे होतं. तिने माईक बाजूला सारला. सगळा वर्ग तिच्यामागे उभा राहिला आणि एक शब्द न बोलता सुरू झाला. टोप्या निघाल्या, विमानं उडाली, दुकान चाललं. शेवटी तिने खडूचं टोक सरांवर रोखलं. सर हसता हसता रडायला लागले. मलाही आवरेना.

नंतर मी तिला विचारलं, "भाषण का गं नाही केलंस?"

"सरले ऐकू नसतं ना आलं," ती म्हणाली. "आम्हाले आठवीपासूनच माहीत व्हतं."

आता तिथे नवे सर आहेत. परवा मला विचारत होते, "ही पोरं बोलताना अगदी तोंडासमोर येऊन उभी राहतात, एकेक शब्द सावकाश, मोठ्याने बोलतात. असं का हो?"



"सवय आहे त्यांची," मी म्हणालो.