फक्कीचे बाण

आमच्या गावातून बायपास जाणार ही बातमी मी पसरवली, आणि ती पसरवताना मी एक शब्दही बोलले नाही.

पुण्यात आमच्या ऑफिसात पळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. मी त्यात आहे, कारण पळताना बोलावं लागत नाही. एकदा चुकून तोंडून निघून गेलं, की तासगावजवळ माझ्या काकांची द्राक्षबाग आहे आणि त्यात दीड एकर वाइनची द्राक्षंही आहेत. (काकू त्या दीड एकराला ‘ती तसली’ म्हणते आणि तिकडे पाठ करून बसते.) आमच्या बॉस नायर मॅडमनी टाळ्याच वाजवल्या. “वाइन कंट्री रन!” मार्चमधला रविवार ठरला, अकरा जणांनी नावं दिली, आणि पाच किलोमीटरचा मार्ग आखायचं काम माझ्याकडे आलं. चार वर्षांच्या नोकरीत मॅडमना माझं नाव पहिल्यांदाच बरोबर आठवलं होतं. हे काम फसून चालणार नव्हतं!

दुसऱ्या कुणी गावात चार घरी जाऊन सांगितलं असतं, ‘आमचे पाहुणे तुमच्या बांधावरून पळणार आहेत.’ पण चार घरी जायचं म्हणजे चार वेळा चहा, आणि चार वेळा ‘लग्नाचं कुठवर आलं?’ त्यापेक्षा शुक्रवारी रात्रीच काकांकडे येऊन राहिले, आणि शनिवारी पहाटे, कुणी उठायच्या आत, मी खेळाच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की पिशवीत भरून घेतली आणि मारुतीच्या देवळापासून काकांच्या बेदाण्याच्या शेडपर्यंत वळणावळणाला बाण काढले. सुबक, सरळ, हातभर लांब. दर किलोमीटरला आकडासुद्धा घातला! परत येऊन अंथरुणात शिरले. कुणी पाहिलं नव्हतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पोहे खात होते, तेव्हा शेजारची मंगलवहिनी धापा टाकत आली.

“आवं काकी, बायपास चाललाय आपल्या बागंतनं! सरकारनं रातोरात खुणा मारल्यात. आकडं बी घातल्यात!”

काका ताडकन उभे राहिले. (काका सैन्यातले निवृत्त सुभेदार. ते हवामानाचा अंदाजही उभं राहून ऐकतात.)

“काका, ते बाण—”

“तू गप बस. सरकारी कामातलं तुला काय कळतंय?”

गप्प बसायला सांगितलं की मी फार आज्ञाधारक असते.

दुपारपर्यंत बायपास चौपदरी झाला. चार वाजता त्याच्यावर उड्डाणपूल आला. पाचला सगळे बागायतदार आमच्या ओसरीवर जमले, आणि त्यांत चक्क सर्जातात्या! ते काकांचे चुलतभाऊ. दोघांची बाग लागून, मधे एक बांध, आणि त्या बांधावरून कित्येक वर्षं बोलणं बंद.

“एकजूट ठेवायची!” काका गरजले. “कुणी इंचभर जमीन द्यायची न्हाई!”

“सुभेदार म्हणत्यात ते बराबर हाय,” सर्जातात्या म्हणाले. काकूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

आता सांगा, अशा प्रसंगी मी मधे तोंड उघडून ती एकजूट मोडायची का? मी ठरवलं, उद्या सांगू. धावून झालं की.

दिवेलागणीला काका खराटा घेऊन निघाले. “बागंत जरा झाडून येतो.”

(बाग कुणी झाडतं का? मला तिथेच शंका यायला हवी होती.)

रविवारी साडेसहाला देवळापाशी अकरा नारिंगी टी-शर्ट उभे राहिले. मी हात खाली केला (‘पळा’ म्हणायलाही लाज वाटते), ते सुटले, आणि मी केळी अन् लिंबू सरबत घेऊन स्कूटरवरून शेडपाशी जाऊन थांबले.

अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. द्राक्षांच्या मांडवाखालून एक नारिंगी टी-शर्ट डावीकडून उजवीकडे गेला. जरा वेळाने तोच उजवीकडून डावीकडे गेला! तेवढ्यात अकाउंट्सच्या रोहितचा फोन आला.

“अगं, इथे दोन बाण एकमेकांकडे तोंड करून आहेत. मी कुठे पळू?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकांनी आपल्या बागेतला बाण खराट्याने पुसून सर्जातात्यांच्या रानात वळवला होता. सर्जातात्यांनी तो परत काकांकडे. पलीकडच्याने त्याच्या मेव्हण्याकडे, मेव्हण्याने ओढ्याकडे. अख्ख्या गावाने संध्याकाळभर एकजुटीने बाण वळवले होते!

बांधावर माणसं जमायला लागली होती.

“आरं, मोजणीवालं आलं! पळत मोजत्यात!”

“सरकारी माणूस पळताना कवा बघितलायस का रं?”

“लय घाई दिसतीया.”

एकाने रोहितला अडवलं. “सायेब, किती भरलं?”

रोहितने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि अभिमानाने सांगितलं, “आठ पूर्णांक दोन!”

“बघा! मोजून बी झालं!”

आणि नायर मॅडम? त्या सर्जातात्यांच्या शेडमध्ये सापडल्या. खुर्चीत बसवलेल्या, हातात चहा, डोक्यावर मानाची टोपी. समोर सर्जातात्या हात जोडून उभे.

“म्याडम, आमची बाग लय चिंचोळी. रस्ता बसायचा न्हाई. ही पल्याडची बघा, सुभेदाराची. कशी रुंद हाय! रस्त्यासाठीच जल्माला आलीया!”

मॅडमचं मराठी बेताचं. “हो हो, छान छान,” म्हणत त्यांनी काकांच्या बागेचा फोटो काढला. नेमके त्याच वेळी काका दारात!

“माझी बाग दाखवतोस व्हय रं?”

“मग तुमी काल खराटा घिऊन माझ्या बांधावर काय करत हुतासा? आरती?”

एकाचा हात दुसऱ्याच्या कॉलरला लागला. आता गप्प बसले असते, तर बॉस गेली असती, आणि काल जुळलेले भाऊसुद्धा. मी देवळाकडे पळत सुटले. (त्या दिवशी मी पळाले ती एवढीच.) तिथल्या कर्ण्याचा माईक चालू केला.

“नमस्कार.” माझा आवाज चारी दिशांनी माझ्यावरच चालून आला. “रस्ता येणार नाही. बाण सरकारचे नाहीत. बाण... घरचेच आहेत. ही पुण्याची माणसं आहेत. ती फक्त पळतायत.”

पारावरून एका आजोबांनी विचारलं, “कोण लागलंय मागं?”

“कुणी नाही, आजोबा. हौस म्हणून पळतात.”

“पुण्यास्नं हितं यिऊन?”

“हो.”

आजोबांनी कपाळाला हात लावला.

“मग च्या तरी पाजा की बिचाऱ्यांना!”

शेवटचा धावपटू ट्रॅक्टरवर बसून शेडपाशी पोहोचला. पाच किलोमीटरचे तेरा झाले होते आणि प्रत्येकाच्या हातात बेदाण्याची पिशवी होती. काका आणि सर्जातात्या एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, कुणी किती बाण वळवले ते सांगत हसत होते. मॅडम टोपी घालूनच आल्या. आता त्या काय बोलणार, म्हणून मी उरलेली केळी मोजायला लागले.

“वंडरफुल!” त्या म्हणाल्या. “प्रत्येक टर्नला सरप्राइज! हे सगळे टर्न कोणी प्लॅन केले? उद्याच्या मीटिंगमध्ये त्याने सगळ्या ऑफिससमोर अर्धा तास बोलायचं!”

अर्धा तास. सगळ्या ऑफिससमोर.

सवयीने काकांनी सर्जातात्यांकडे बोट केलं. सर्जातात्यांनी काकांकडे. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. माझं नाव त्यांच्या ओठावर आलेलं मला दिसत होतं. ज्याची मी चार वर्षं वाट बघितली, तेच नाव!

मी इंग्रजी शाळेत शिकले, पुण्यात राहते, पण रक्त शेवटी याच गावचं. मी हात उचलला, बोट सरळ केलं, आणि बाण काकांच्या रानात वळवून टाकला.