हळदीसाठी काढलेले बूट

दोन हजार बावीस साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि घरात माझ्या शब्दापुढे कोणी जात नव्हतं. तेव्हा हे मी छाती फुगवून सांगायचो. आता सांगताना स्वतःचाच राग येतो.

नात जन्मली ती दोन्ही पावलं आत वळलेली घेऊन. बायकांनी लगेच सुनेला धरलं. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस काय? मी एकेकीला उठवून दाराबाहेर काढलं. उल्हासनगरला दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजोबा, मोठं ऑपरेशन नको. कोवळा पाय आहे, वळतो." दर आठवड्याला पाय हातानं थोडा सरळ करायचा आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. सून आमच्या पालेगावाहून पोरीला घेऊन जायची. सहा प्लास्टर झाली, टाचेमागची आखडलेली शीर बारीक छेद देऊन सैल केली, आणि पावलं सरळ झाली. देवाशपथ, सरळ.

मग बूट दिले. दोन बूट आणि मध्ये त्यांना जोडणारी पट्टी. तीन महिने दिवसरात्र घालायचे, आंघोळीपुरते काढायचे. पुढे चार वर्षांची होईपर्यंत झोपताना. "बूट सुटले की पाय परत फिरणार," बाईंनी मला दोनदा सांगितलं. मी मान हलवली. मोरिवलीच्या कंपनीत तीस वर्षं सळया वाकवल्या मी. दाब सुटला की सळई थोडी मागे येते, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी अक्कल चालली नाही.

महिनाभरात पुतण्याची हळद आली. आमच्यात हळदीला अख्खा गाव मांडवात. माझी थोरली बहीण बदलापूर गावातून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रं, लेकराला बेड्या घातल्यास? कैदी हाय काय ती?"

मांडव हसला. मला ते झोंबलं. म्हटलं, "काढा ते बूट."

सून म्हणाली, "बाबा, नको. मी घरातच बसते तिला घेऊन."

"माझी नात लपवून ठेवायची? काढ म्हणतो ना!"

तिनं नाही काढले. मीच काढले आणि कपाटावर ठेवले. हळद, लग्न, पूजा, मग पाहुण्यांची ये-जा, पंधरा दिवस गेले. सून रोज विचारायची, मी रोज "बघू" म्हणायचो. मुलगा गप्प. माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही, हे मीच त्याला शिकवलेलं.

शेवटचे पाहुणे गेले त्या संध्याकाळी सून बूट घालायला बसली. बुटाला मागे बारीक भोक असतं, त्यातून पोरीची टाच दिसली की बूट नीट बसला. टाच दिसेना. पोरगी किंचाळत होती. मी पट्टा हिसकून ओढायला लागलो. सुनेनं माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पुरे, बाबा. पाय फिरलाय."

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "तिच्या नशिबातच होतं रं."

"नशिबानं नाय काढले बूट, आक्का. मी काढले," म्हटलं आणि फोन आपटला. सून आत माझ्या मुलाला सांगत होती, "उद्या डॉक्टरबाई मलाच बोलणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला मीच उचललं, सुनेला बरोबर घेतलं आणि दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. बाईंनी पाय बघितला आणि सुनेवर कडाडल्या, "आई ना तुम्ही?" मी मध्ये पडलो. "तिला नका बोलू, बाई. तिनं हात जोडले होते. बूट मी काढले." मग पोरीचा गुडघा धरून बसलो, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून प्लास्टर गुंडाळायला घेतलं.