पाठीवरचं वटवाघूळ

बोआमाने उभा जन्म वटवाघळं मारली, पण एकही घरी आणलं नाही. बायकोच्या, अफ्राकोमाच्या कुळाचं देवकच वटवाघूळ. तो लांबच्या रानात शिकार करायचा, वटवाघळाचं सूप करून विकणाऱ्या बायांना परस्पर विकायचा आणि नदीत अंघोळ करूनच घरी शिरायचा. घरात कुणी विचारायचं नाही, तोही सांगायचा नाही.

मध्यंतरी जंगलखात्याचा माणूस म्हणाला होता, "ही वटवाघळं अजून धोक्यात नाहीत, पण उंबरठ्यावर आलीत."

"मग उंबरठा ओलांडेपर्यंत खाऊ की!" बोआमा खदखदून हसला होता.

यंदा रानातली झाडं रिकामीच निघाली. थवा उरला होता तो अफ्राकोमाच्या माहेरच्या आवारातल्या झाडावर. भर दुपारी त्याने तिथे जाऊन नेम धरला. तेवढ्यात बुंध्याआडून अफ्राकोमा पुढे आली, पाठीवर तान्ही पोर बांधलेली.

"बाजूला हो! छर्रे पसरतात."

"पसरू देत."

"डोकं फिरलंय का? पोर आहे पाठीवर!"

"कुणाची पोर? आपल्यात लेकरं आईच्या कुळाची, हे लग्नात तुझ्याच आईने बजावलं होतं. वर लटकलेली माझ्या कुळाची, पाठीवरचीही माझ्याच कुळाची. बोल, कुठून सुरुवात करतोस?"

वर एक मादी पिलाला पोटाशी घेऊन झोपली होती. बोआमाने बंदूक खाली केली.

"चल घरी," तो पुटपुटला.

"आधी नदीवर जा."

"आज एकही मारलं नाही मी!"

"मारायला आला होतास ना? जा, अंघोळ करून ये."