सुमनचे जास्तीचे दात

नागोठण्यानंतर पेणच, असं डब्यातल्या दोघांना छातीठोकपणे सांगून मी सुमनचा हात धरला आणि कासूला उतरलो. "बाबा, पाटीवर पेण नाय लिवलंय," असं सुमन, आमची आठ वर्षांची लेक, म्हणेपर्यंत गाडी हलली होती.

एरवी मीच हसलो असतो. पण पेणला मुंबईहून येणारे जबड्याचे सर्जन दुपारी परत जात. सुमनच्या डाव्या जबड्यातल्या गाठीचा तुकडा त्यांनी तपासायला पाठवला होता आणि निकाल आज कळायचा होता. त्याआधी कितीतरी दिवस मी ते गालगुंड समजून वरून गेरूचा लेप थापत होतो.

हमरस्त्यावर विटांचा एक टेम्पो थांबला. मागे सुकटीची (वाळवलेली बारीक कोळंबी) टोपली घेऊन एक बाई बसली होती.

"दाढ दुखते काय गो?" तिनं विचारलं.

"नाय, गाठ हाय."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. सरकून तिनं सुमनला पदराच्या सावलीत घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर बॅग भरत होते. त्यांनी एक्सरे खिडकीशी धरला. "हे पांढरे ठिपके बघा. दात व्हायला निघाले, पण धड झाले नाहीत. दाताच्याच पेशींची गाठ आहे. लहान मुलांत क्वचित सापडते."

"कॅन्सर?"

"नाही. खरवडून काढू, जबडा शाबूत राहील. पण ऑपरेशन टाळू नका, गाठ वाढेल."

"माझे जास्तीचे दात काढनार?" सुमननं विचारलं.

"हो. तुला पुरून उरलेत."

बाहेर आम्ही मिसळ खाल्ली. डोळ्यांत पाणी तिखटानं आलं, असं मी सुमनला सांगितलं.

परतीला कुठं उतरायचं हे सुमन बघणार होती, त्यामुळे मी निवांत खिडकीशी बसलो. अंबा नदी दिसली. सकाळीही ती दिसली असणारच.

रोह्याला बायको दारातच उभी होती. "कॅन्सर नाही," मी अंगणातूनच म्हणालो. तिनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं, मग सुमनकडूनही.

गाठ दिसल्यापासून घरात सुमनला कुणी रागावलं नव्हतं. आताही ती चपलांसकट सरळ आत निघाली. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि ओरडली, "सुमे, चपला घालून कुठं चाललीस गो? शेणानं सारवलंय सकाळी! ये मागं!"