चोवीस तासांचा कॅन

लॅबमधल्या मुलीनं माझ्या हातात पाच लिटरचा पांढरा कॅन दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रविवारी सकाळी सातला पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची, सगळी यात जमा करायची. सोमवारी सकाळी सातची शेवटची, तीही यातच. थेंबही बाहेर जाता कामा नये. आणि कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा. हे शेवटचं ऐकून मी तिच्याकडं बघितलं, पण तोवर ती पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होती.

लघवी माझ्या वडिलांची, आबांची. आई गेल्यापासून ते आमच्याकडं हिंगोलीतच राहतात. तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. पाय सुजायला लागले म्हणून दवाखान्यात नेलं. तिथं दर बुधवारी नांदेडहून किडनीचे डॉक्टर येतात. लघवीतून प्रोटीन जातंय, ते म्हणाले. किती जातंय ते चोवीस तासांच्या तपासणीत कळेल. जास्त निघालं तर नांदेडला नेऊन किडनीचा तुकडा तपासायचा आणि लगेच औषध सुरू करायचं. त्यात उशीर झाला तर पुढं डायलिसिस. कमी निघालं तर पथ्यावर भागेल. म्हणजे आबांचं पुढचं सगळं त्या कॅनमध्ये होतं.

फ्रिजचं घरात बोलले तर नवरा म्हणाला, "खुशाल ठेव, मी आजपासून चहा सोडला." शेवटी न्हाणीघराच्या कोपऱ्यात बादलीत थंड पाणी, त्यात कॅन आणि वरून ओलं पोतं, असं ठरलं. ते पाणी दर दोन तासांनी मीच बदलायचं, हे कुणी ठरवलं नाही. ते आपोआप ठरतं.

पहिला रविवार वाया गेला. आबा दिवसभर पाणीच पिईनात. लांबच्या गाडीवर निघायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. चोवीस तास म्हणजे त्यांना तशीच ड्यूटी वाटली.

"आबा, रोजच्यासारखं पाणी प्या ना."

"कमी झालं तं तुलाच उचलाया हलकं हाय की बाई."

माझ्याशी बोलताना ते त्या कॅनकडं बघतही नव्हते. लेकीनं आपली लघवी उचलायची, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. मला कळत होतं, पण त्यावर मी काय करणार? तर कसाबसा दिवस गेला आणि सोमवारी सकाळी आबांनी शेवटची लघवी इमानदारीनं टाकून दिली. सकाळची पहिली टाकायची, एवढं त्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं होतं. लॅबमधल्या मुलीनं विचारलं, मी खरं ते सांगितलं, तिनं कॅन रिकामा करून परत दिला. ये रे माझ्या मागल्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. रोज स्कूटीवर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर पडतात. रविवार एवढाच माझा, आणि त्यातही आठवड्याचे कपडे, दळण, वह्या तपासणं. दुसरा रविवार कॅनच्या नावानं उगवला तेव्हा मला आबांचा कंटाळा आला होता. कामाचा आला होता असं म्हणता येईल, पण खोटं कशाला बोलू? आबांचाच आला होता.

दुपारपर्यंत सगळं बरोबर चाललं. चारच्या सुमारास आबा शर्ट घालून दारात उभे.

"जरा डेपोकडं जाऊन येतो."

"आज न्हाई, आबा."

"पाच मिनटं. सकाळपसून कोंडून राहिलो घरात."

डेपोसमोर रिटायर ड्रायव्हर-कंडक्टरांची बैठक असते. दोन-दोन कट चहा होतो आणि मग एकेक जण डेपोच्या मागच्या भिंतीकडं जाऊन येतो. गाडी काढायच्या आधी तिथं जायचं, ही त्यांची जन्माची रीत. गाडी सुटली तरी रीत काही सुटली नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी धुणं पिळत होते, हात ओले होते, मी अडवलं नाही.

आबा सहा वाजून गेल्यावर आले. एरवी डेपोवरून आले की ते आधी न्हाणीघर गाठतात. त्या दिवशी सरळ खुर्चीत बसले आणि सकाळीच वाचून झालेला पेपर उघडला.

"आबा, तिकडं कुठं जाऊन आले का?"

"कुठं?"

"भिंतीकडं."

"न्हाई." त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

मला कळलं. कॅन तेव्हाच रिकामा करायला हवा होता. पण मग अजून एक रविवार, अजून एक पोतं, अजून एकदा त्या मुलीच्या पुढं उभं राहणं. मी बादलीतलं पाणी बदललं आणि स्वयंपाकाला लागले.

सोमवारी कॅन कपड्याच्या दुकानाच्या पिशवीत घालून स्कूटीच्या पुढं पायाशी ठेवला. कोपऱ्यावर शेजारीण म्हणाली, "तेल आणलं का?" मी म्हटलं, "हो." ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात, ते आणि काय वेगळं असतं? लॅबमधल्या मुलीनं विचारलं, "पूर्ण आहे ना?" मी मान हलवली.

बुधवारी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. "बरंच कमी आहे की," ते म्हणाले. मग चष्म्यावरून आमच्याकडं बघून विचारलं, "चोवीस तासांची सगळी होती ना? काही बाहेर गेली नाही?"

अळीमिळी गुपचिळी. आबा जमिनीकडं बघत होते. बाहेर तीस माणसं बसली होती आणि मला दुपारच्या शाळेला पोचायचं होतं.

"हो सर," मी म्हणाले.

त्यांनी पथ्य लिहून दिलं. तीन महिन्यांनी या म्हणाले.

बाहेर आल्यावर आबा बाकावर बसले ते उठेचनात. मी म्हटलं, चला, उशीर होतोय.

"तुला म्हाईत होतं न?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग काहून हो म्हणलीस?"

मला काहीतरी बरं सांगता आलं असतं. पण तोंडातून खरं तेच निघालं. "थकले मी, आबा."

ते रागावतील असं वाटलं, निदान वाईट वाटून घेतील. त्यांनी नुसती मान डोलावली. "बराबर हाय," म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि नंबर नसताना दार ढकलून आत गेले. मी मागं धावले.

"साहेब, माझी चुकी झाली," आबा हात जोडून सांगत होते. "इतवारी डेपोकडं गेल्तो, तितं एकदा बाहेर झाली. पोरीनं इचारलं तं मी न्हाई म्हणलो. तिला यातलं काईच म्हाईत न्हाई."

डॉक्टर चिडले. एका वेळची गेली तरी आकडा खोटा पडतो, यावर औषध ठरतं, तुम्हाला गंमत वाटते का, मुलगी एवढं करते आणि तुम्ही तिलाच फसवता. आबा प्रत्येक वाक्याला "व्हय साहेब" म्हणत होते. आतला पेशंट शर्टाची बटणं लावायची सोडून ऐकत होता. मी दारात, आबांच्या पाठीमागं उभी होते. एक पाऊल पुढं जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच.

डॉक्टरांनी त्याच तपासणीची नवी चिठ्ठी लिहिली आणि आबांच्या खांद्यावरून हात लांब करून माझ्याकडं दिली. "यात तुमची काही चूक नाही, मॅडम," ते म्हणाले.

मी चिठ्ठी घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.